हॉकीपटूचे मोल कसे ठरवायचे?

बाजारात मेथीची जुडी काय भावाने चालली आहे हे चार ठिकाणी विचारले की कळते. चारही भाजीवाल्यांकडची मेथी साधारण सारखीच असते. भाव उघडपणे सांगितला जातो. आणि महाग वाटली तर आपण पुढच्या गाडीकडे जाऊ शकतो. योग्य बाजारभाव कळायला या तीन गोष्टी पुरतात: सारखा माल, उघड भाव आणि दुसरीकडे जाण्याची मोकळीक.

माणसाच्या कामाचा भाव ठरवताना मात्र या तिन्ही गोष्टी अवघड होऊन बसतात. कोणाचा पगार रास्त आहे, कोणाचा कमी, कोणाचा जास्त, यावर आपण पुष्कळ वाद घालतो, पण तो मोजायचा कसा हे क्वचितच विचारतो. या लेखात आपण एक असे क्षेत्र पाहणार आहोत जिथे प्रत्येकाचा पगार सर्वांना माहीत आहे आणि प्रत्येकाच्या कामाची मिनिटामिनिटाची नोंद ठेवली जाते. ते क्षेत्र म्हणजे उत्तर अमेरिकेतील बर्फावरची हॉकी. एवढी माहिती हाताशी असूनही पगाराचे गणित कुठे सुटते आणि कुठे अडते, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी लागणारे गणित बहुतेक शाळेतलेच आहे.

आपली हॉकी मैदानावर अकरा जणांची असते. बर्फावरच्या हॉकीत एका वेळी संघाचे सहा जण उतरतात: तीन आघाडीचे, दोन बचावाचे आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत खेळला जातो. हा खेळ इतका दमवणारा असतो की एक तुकडी साधारण पाऊण मिनिट खेळून बाहेर येते आणि दुसरी आत जाते. त्यामुळे सामन्यासाठी वीस खेळाडू सज्ज असतात: सहसा बारा आघाडीचे, सहा बचावाचे आणि दोन गोलरक्षक. ‘नॅशनल हॉकी लीग’ या व्यावसायिक स्पर्धेत २०२५-२६ च्या मोसमात ३२ संघ होते, त्यांपैकी २५ अमेरिकेतले आणि ७ कॅनडातले. प्रत्येक संघ मोसमात ८२ सामने खेळला.

भाव उघड झाला तेव्हा

आज या खेळाडूंचे पगार कोणीही पाहू शकतो. पण अनेक दशके ते गुपित होते. आपल्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला किती मिळते हे खेळाडूलाच माहीत नसे. १९५७ मध्ये टेड लिंडसे या डेट्रॉइटच्या खेळाडूने पुढाकार घेऊन खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याची रवानगी शिकागोच्या संघात झाली आणि संघटना मोडली.

याच डेट्रॉइट संघात गॉर्डी हाउ हा त्या काळातला सर्वांत नावाजलेला खेळाडू होता. संघात सर्वांत जास्त पगार आपल्यालाच मिळतो अशी त्याची समजूत करून देण्यात आली होती. १९६८ मध्ये संघात आलेल्या बॉब बॉन या बचावपटूने त्याला स्वतःचा पगार सांगितला. तो हाउच्या पगारापेक्षा जास्त होता. हाउने वाढ मागितली आणि ती त्याला मिळाली. पण मधल्या वीस वर्षांत जे गेले ते गेलेच.

पुढे १९९० मध्ये खेळाडूंच्या संघटनेने सर्वांचे पगार जाहीर केले. त्यानंतर सरासरी पगार झपाट्याने वाढले. वाढीला इतरही कारणे होती. दूरचित्रवाणीचे उत्पन्न वाढत होते, संघांची संख्या वाढत होती. तरीही तुलना करायला आकडे नसतील तर ‘रास्त’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही, ही गोष्ट यातून स्पष्ट होते.

मोकळीक कोणाला?

दुसरी अट मोकळिकीची. अठरा वर्षांच्या खेळाडूला कोणत्या संघाकडे जायचे हे ठरवता येत नाही. संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात आणि त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क त्याच संघाला मिळतो. अशा नवोदिताचा पहिला करार सहसा तीन वर्षांचा असतो आणि त्यातल्या मूळ पगारावर कमाल मर्यादा असते. तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तरी तेवढ्यातच भागवावे लागते. सात मोसम खेळून झाले किंवा वयाची २७ वर्षे पूर्ण झाली की तो पूर्णपणे मोकळा होतो आणि कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो.

म्हणून पगारांच्या यादीत दोन वेगवेगळ्या जातींचे आकडे मिसळलेले असतात. मोकळ्या खेळाडूंचे पगार म्हणजे बाजारभाव, आणि बांधलेल्या खेळाडूंचे पगार म्हणजे नियमाने ठरवून दिलेला भाव. बाजारभाव काढायचा असेल तर हे दोन ढीग आधी वेगळे केले पाहिजेत. सगळ्यांची एकत्र सरासरी काढली तर उत्तर चुकीच्या प्रश्नाचे येते.

डॉलर नव्हे, टक्के

तिसरी अडचण काळाची. २००४-०५ चा संपूर्ण मोसम पगाराच्या वादामुळे रद्द झाला. त्यातून जो समझोता झाला त्यानुसार प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आली. २००५-०६ मध्ये ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाख डॉलर झाली. एका खेळाडूला या मर्यादेच्या २० टक्क्यांहून जास्त देता येत नाही. किमान पगारही ठरलेला असतो. २०२५-२६ मध्ये तो ७ लाख ७५ हजार डॉलर होता.

मर्यादाच अशी वाढत असेल तर वेगवेगळ्या वर्षांचे पगार डॉलरमध्ये ताडून पाहणे निरर्थक आहे. त्याऐवजी पगार मर्यादेच्या किती टक्के आहे हे पाहावे. कॉनर मॅकडेव्हिड या आघाडीच्या खेळाडूचा वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलरचा करार २०१८-१९ मध्ये सुरू झाला. तेव्हा मर्यादा ७ कोटी ९५ लाख होती. म्हणजे त्याचा वाटा १५.७ टक्के झाला. त्याचाच सहकारी लिऑन ड्रायझाइटल याचा १ कोटी ४० लाखांचा करार २०२५-२६ मध्ये सुरू झाला. मर्यादा ९ कोटी ५५ लाख, म्हणून वाटा १४.७ टक्के. डॉलर जास्त, पण वाटा कमी. शेकडेवारीचा धडा शिकवताना हे उदाहरण सहज वापरता येईल.

याच आकड्यांतून सरासरी आणि मध्यक यांतला फरकही दाखवता येतो. संघात २३ खेळाडू धरले तर ९ कोटी ५५ लाख भागिले २३, म्हणजे सरासरी सुमारे ४१ लाख ५० हजार डॉलर येते. पण दोघा-तिघांना एक कोटीच्या आसपास दिले की उरलेल्यांपैकी अनेकांना किमान पगाराच्या जवळपासच मिळते. अशा वेळी रांगेत मधोमध उभ्या असलेल्या खेळाडूचा पगार सरासरीपेक्षा बराच खाली असतो.

आघाडीचे खेळाडू: एक सरळ रेषा

आता भूमिकेनुसार पगाराचा अंदाज करू. सुरुवात सोप्या गटापासून. आघाडीच्या खेळाडूचे काम म्हणजे गोल करणे आणि गोलसाठी पास देणे. प्रत्येक गोलला एक गुण आणि गोलकडे नेणाऱ्या पासला एक गुण, अशी नोंद ठेवली जाते.

पाच काल्पनिक, पण मोकळे खेळाडू घेऊ. मोसमातले त्यांचे गुण २०, ३०, ४०, ५० आणि ६० आहेत. त्यांचे पगार मर्यादेच्या अनुक्रमे १.५, ३, ४, ६ आणि ८ टक्के आहेत. आलेखकागदावर हे पाच बिंदू मांडले तर ते जवळजवळ एका रेषेत येतात. सर्व बिंदूंच्या सर्वांत जवळून जाणारी रेषा काढायची, म्हणजे प्रत्येक बिंदूपासून रेषेपर्यंतच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी. ती रेषा येते:

पगार = ०.१६ × गुण − १.९

म्हणजे या बाजारात एका जादा गुणाला मर्यादेच्या ०.१६ टक्के इतका भाव आहे. आता ४० गुण मिळवणाऱ्याकडे पाहा. रेषेनुसार त्याला ४.५ टक्के मिळायला हवेत, मिळतात ४. फरक अर्ध्या टक्क्याचा, पण ९ कोटी ५५ लाखांचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे ४ लाख ७८ हजार डॉलर होतात. करार करताना खेळाडूचा प्रतिनिधी नेमका हाच आकडा पुढे करतो.

या रेषेत १० गुण घालून पाहा. उत्तर उणे ०.३ येते! खेळाडूनेच संघाला पैसे द्यावेत असा त्याचा अर्थ होईल. प्रत्यक्षात त्याला किमान पगार, म्हणजे मर्यादेच्या ०.८ टक्के मिळतोच. ज्या पट्ट्यातल्या माहितीवरून रेषा काढली त्या पट्ट्याबाहेर ती ताणू नये, हा संख्याशास्त्राचा महत्त्वाचा नियम विद्यार्थ्यांना इथे डोळ्यांनी दिसतो.

बचावपटू: न झालेले गोल

हीच रेषा बचावपटूंना लावली तर मोठा अन्याय होईल. त्यांचे मुख्य काम प्रतिस्पर्ध्याला गोल करू न देणे हे आहे. झालेला गोल नोंदवहीत येतो. न झालेला गोल कुठे नोंदवायचा?

यासाठी एक जुनी युक्ती आहे. लीग १९६७-६८ पासून तिची अधिकृत नोंद ठेवते. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, प्रतिस्पर्ध्याने केला तर उणे एक. (एखादा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना जादा माणसाच्या बळावर केलेले गोल यात धरत नाहीत.) कल्पना चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे. उत्तम जोडीदाराबरोबर खेळणाऱ्या सामान्य खेळाडूच्या नावावरही भरपूर ‘अधिक’ जमा होतात. दुबळ्या संघातल्या चांगल्या बचावपटूच्या नावावर ‘उणे’ साठत जातात.

जोडीदाराचा वाटा वेगळा काढायचा असेल तर एकसामयिक समीकरणे मदतीला येतात. समजा अ, ब आणि क हे तीन बचावपटू आहेत. अ आणि ब एकत्र खेळले तेव्हा संघाचा हिशेब अधिक १० झाला, अ आणि क एकत्र असताना अधिक २, ब आणि क एकत्र असताना अधिक ४.

अ + ब = १०, अ + क = २, ब + क = ४

सोडवल्यावर अ = ४, ब = ६, क = −२ असे येते. म्हणजे क याच्या नावावर दिसणारे ‘अधिक’ त्याचे नव्हतेच. प्रत्यक्षात शेकडो खेळाडू, त्यांच्या हजारो जुळण्या आणि प्रतिस्पर्धी खेळाडू या सर्वांची समीकरणे एकाच वेळी मांडावी लागतात. ती एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून पुन्हा कमीत कमी वर्गांच्या पद्धतीने सर्वांत जवळचे उत्तर संगणकाकडून काढून घेतात.

पण दोन खेळाडू कायम एकत्रच खेळले तर? मग समीकरण एक आणि अज्ञात संख्या दोन, अशी स्थिती होते. हेन्रिक आणि डॅनिएल सेडिन हे स्वीडनचे जुळे भाऊ व्हँकूव्हर संघाकडून २००० पासून २०१८ पर्यंत बहुतेक वेळ एकाच तुकडीत आघाडीला खेळले. त्यांच्यातला कोण किती उपयोगी हे आकड्यांतून वेगळे काढणे फार कठीण होते. बाजारानेही सोपा मार्ग धरला. २०१३ मध्ये दोघांनी अगदी सारखे करार केले: प्रत्येकी चार वर्षे, वर्षाला ७० लाख डॉलर.

सर्वांना एकच माप

गुण आणि ‘अधिक-उणे’ ही मापे वेगवेगळी राहिली तर आघाडी, बचाव आणि गोलरक्षण यांची तुलना होणार नाही. म्हणून सर्व भूमिका एका मापात आणतात: या खेळाडूमुळे संघाचे किती सामने जादा जिंकले गेले? अनुभवाने असे दिसते की मोसमभरात गोलसंख्येत सुमारे सहाची सुधारणा झाली की एका विजयाची भर पडते.

‘जादा’ म्हणजे कोणापेक्षा जादा, हा प्रश्न इथे कळीचा आहे. सरासरी खेळाडूपेक्षा नव्हे, कारण सरासरी खेळाडूही सहज मिळत नाही. तुलना करायची ती खालच्या स्पर्धेतून किमान पगारावर केव्हाही बोलावता येणाऱ्या बदली खेळाडूशी.

आता एका विजयाची किंमत काढू. किमान पगारावरचे २३ खेळाडू घेतले तर खर्च सुमारे १ कोटी ७८ लाख डॉलर येतो. असा संघ ८२ पैकी १६ सामने जिंकेल असे धरून चालू. सामान्य संघ निम्मे, म्हणजे ४१ जिंकतो. संपूर्ण मर्यादा खर्च करणारा संघ उरलेले ७ कोटी ७७ लाख डॉलर या २५ जादा विजयांसाठी मोजतो. भागाकार केला की एका विजयाला सुमारे ३१ लाख डॉलर पडतात. संघाला दोन विजय जादा मिळवून देणारा खेळाडू, मग तो कोणत्याही जागी खेळो, किमान पगार अधिक ६२ लाख, म्हणजे जवळपास ७० लाख डॉलरचा ठरतो. १६ ही संख्या आम्ही गृहीत धरली आहे. ती बदलली की किंमत बदलेल, रीत बदलणार नाही.

गोलरक्षक: महत्त्वाचा, पण बेभरवशाचा

गोलरक्षक पूर्ण साठ मिनिटे बर्फावर असतो. आघाडीचा उत्तम खेळाडू सुमारे वीस आणि उत्तम बचावपटू सुमारे पंचवीस मिनिटे खेळतो. शिवाय गोलरक्षकाचे काम मोजणे सोपे दिसते: त्याच्यावर किती फटके आले आणि त्याने किती अडवले. मग सर्वांत जास्त पगार त्यालाच का नसतो?

उत्तर संभाव्यतेत आहे. समजा एक गोलरक्षक खरोखरच १०० पैकी ९१ फटके अडवण्याच्या योग्यतेचा आहे. मोसमात त्याच्यावर १५०० फटके आले तर सरासरीने १३५ गोल होतील. पण नाणे शंभर वेळा उडवले तर दर वेळी बरोबर पन्नासच छापे पडत नाहीत. तसेच इथेही होते. या चढउताराचे माप म्हणजे १५०० × ०.९१ × ०.०९ या गुणाकाराचे वर्गमूळ. ते सुमारे ११ येते. म्हणजे तोच गोलरक्षक, तीच योग्यता, पण तीनपैकी साधारण दोन मोसमांत गोलांची संख्या १२४ ते १४६ च्या दरम्यान कुठेही असेल, आणि उरलेल्या मोसमात त्याच्याही बाहेर.

या दोन टोकांत २२ गोलांचा फरक आहे. सहा गोलांना एक विजय आणि एका विजयाला ३१ लाख डॉलर या हिशेबाने तो १ कोटी १० लाख डॉलरहून जास्त होतो. एवढी रक्कम निव्वळ योगायोगाची असू शकते! एका मोसमाच्या आकड्यावर गोलरक्षकाशी दीर्घ करार करणे किती धोक्याचे आहे ते यावरून कळते.

सर्गेई बॉब्रोव्स्की याच्याशी फ्लोरिडाच्या संघाने २०१९ मध्ये सात वर्षांचा, वर्षाला १ कोटी डॉलरचा करार केला. पहिल्या दोन मोसमांत या कराराची यथेच्छ टवाळी झाली. पुढे २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ दोन वेळा फ्लोरिडाने स्टॅनले चषक जिंकला तेव्हा गोलजाळ्यासमोर तोच उभा होता. मग करार फायद्याचा होता की तोट्याचा? ते कोणत्या वर्षी विचारता यावर अवलंबून आहे.

रास्त कशाला म्हणायचे?

इतके सगळे गणित केल्यावर हाती काय लागते? दिलेल्या नियमांच्या चौकटीत एखाद्याला त्याच्यासारख्या इतरांच्या मानाने किती मिळायला हवे, याचा अंदाज. त्याहून जास्त काही नाही.

चौकट बदलली की आकडे बदलतात. व्यावसायिक महिला हॉकी लीगचा पहिला सामना १ जानेवारी २०२४ रोजी झाला. तिच्या पहिल्या मोसमात किमान पगार ३५ हजार डॉलर होता आणि संघातील खेळाडूंची सरासरी ५५ हजार डॉलर राखायची होती. पुरुषांच्या लीगमध्ये त्याच मोसमात किमान पगार ७ लाख ७५ हजार होता, म्हणजे बावीस पट. हा फरक मेहनतीचा किंवा कौशल्याचा नाही. तिकिटे, जाहिराती आणि प्रक्षेपणातून त्या त्या स्पर्धेला किती उत्पन्न मिळते याचा आहे. बाजारभाव हे मागणीचे माप आहे. त्याला योग्यतेचे माप समजण्याची चूक करू नये.

दुसरी गोष्ट आपल्या शाळांशीही संबंधित आहे. जे सहज मोजता येते त्याचेच मोल वाढते. गोल मोजता येतात म्हणून गोल करणाऱ्याला भाव मिळतो. न झालेले गोल मोजायला चांगली रीत सापडेपर्यंत बचावपटू मागे राहतो. प्रगतिपुस्तकात गुण दिसतात. शेजारच्या मुलाला गणित समजावून सांगणारा विद्यार्थी त्यात दिसत नाही. त्यावर उपाय मोजणे सोडून देणे हा नाही. आपल्या मोजपट्टीतून काय निसटते आहे, हे सतत विचारत राहणे हा आहे.

वर्गात करून पाहा

शाळेच्या मैदानावर कबड्डीचे चार-पाच सामने होऊ द्या. प्रत्येक चढाईला बचावाच्या बाजूला कोण कोण मैदानात होते आणि गुण कोणाला मिळाला, याची नोंद दोन विद्यार्थ्यांनी ठेवावी. नंतर तीन याद्या करा. पहिली यादी चढाईत मिळवलेल्या गुणांची. दुसरी यादी पकडींची. तिसरी यादी करताना प्रत्येक खेळाडू बचावाला मैदानात असताना आपल्या संघाने किती गुण मिळवले आणि किती गमावले यांची वजाबाकी करा.

आता समजा संघाला बक्षिसाचे १०० रुपये मिळाले आहेत. ते सात जणांत कसे वाटायचे? आधी फक्त पहिल्या यादीवरून वाटा, मग तिन्ही याद्या समोर ठेवून वाटा. चढाई करणारा आणि साखळी धरून उभा राहणारा, दोघांचेही म्हणणे ऐकून घ्या. एकाही चढाईत गुण न मिळवलेल्या एखाद्या मुलीचे नाव तिसऱ्या यादीत वरच्या बाजूला सापडले, तर ती काय करत होती हे इतर मुलांना विचारा. बहुधा त्यांना ते आधीपासूनच माहीत असेल.